घरंगळलेला गोळा

त्या म्हातारीने टाकलेले मक्याचे दाणे पाच होते की सहा, ते आता नक्की सांगता यायचं नाही. पण हात कसा गेला ते आठवतं. आधी शालीच्या टोकाशी बोटं खेळली, मग मूठ दोरीपलीकडे गेली, सैल झाली आणि पुन्हा शालीत येऊन बसली. समोर एक बुटका चौथरा होता. पावसाची वाट बघत बसल्यासारखे दोन दगडी बेडूक, आणि त्यांच्या पुढ्यात आता ते दाणे. जूनमधली दुपार, आभाळ भरून आलेलं, अवशेषांमधून जाणाऱ्या त्या वाटेवर आम्ही जेमतेम पाच-सात माणसं. पहारेकरी पाठमोरा उभा होता. तो वळला तेव्हा त्याने दाण्यांकडे पाहिलं नाही, म्हातारीकडेही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टक लावून बघत होते, आणि माझी नजर जिथे खिळली होती तिथे मग त्याचीही गेली.

ओरडला वगैरे नाही तो. दोरीखालून वाकून आत गेला, दाणे एकेक करून वेचले, म्हातारीच्या तळहातावर ठेवले आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवून दिली. फार अदबीने केलं सगळं. ती काही बोलली नाही. जाताना मात्र तिने मान वळवून पाहिलं. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. नुसतं पाहिलं होतं.

भाची मेक्सिको सिटीत नोकरीला आहे, म्हणून तिथे जाणं झालं. तेम्प्लो मायोर, म्हणजे अ‍ॅझ्टेकांचं मोठं देऊळ, बघायला निघाले तेव्हा मनात काय होतं ते कबूल करायला हवं. काजळीने माखलेले पुजारी, काळ्या काचेसारख्या दगडाच्या सुऱ्या, अंधारातली कुजबुज, कोणीतरी कोणाच्या तरी पेल्यात काहीतरी कालवतंय. मी तिला विचारत सुटले होते, यांच्यात गटबाजी असेलच ना, मोठ्या पुजाऱ्याच्या जागेसाठी मारामाऱ्या? ती म्हणाली, "मावशी, तुला देऊळ नकोय, सिरियल हवीय." हवीच होती. आणि जागाही तशी आहे. भर शहरात, कॅथेड्रलच्या पाठीला पाठ लावून हा खड्डा पसरलाय. 1978 च्या फेब्रुवारीत विजेच्या केबलसाठी खणणाऱ्या कामगारांची कुदळ एका कोरलेल्या शिळेवर आदळली, आणि मग वरच्या इमारती पाडून अख्खं देऊळ मोकळं करण्यात आलं. बाहेर चौकात धुपाटणी घेऊन बसलेले लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला कोपाल नावाच्या धुपाचा धूर देतात, तो वास भिंती ओलांडून आत येतो. आपल्या उदापेक्षा थोडा आंबटसर. कुठून तरी हातऑर्गनचे केविलवाणे सूर, आणि त्याच्याच जोडीला भाजक्या कणसांचा वास. कांद्याच्या पाकळ्यांसारखी एका देवळावर दुसरं देऊळ चढवत नेलेली दिसतात. प्रत्येक नवीन राजाला आधीच्यापेक्षा मोठं हवं होतं, ही गोष्ट समजायला पुरातत्त्व शिकावं लागत नाही.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते दोन जिने. एकाच चौथऱ्यावर दोन देवळं होती. उत्तरेचं निळं, त्लालोकचं, पावसाच्या देवाचं. दक्षिणेचं तांबडं, उइत्सिलोपोच्त्लीचं, लढाईच्या देवाचं. पाऊस म्हणजे मका आणि लढाई म्हणजे खंडणी. शहर दोन्हींवर जगत होतं, त्यामुळे दोघांनाही खाली बसवून चालणार नव्हतं. दोन देवांचे दोन मुख्य पुजारी. दर्जा अगदी बरोबरीचा, पदवीसुद्धा दोघांची एकच, केत्सालकोआत्ल. एका म्यानात दोन तलवारी! आता रंगणार, म्हणून मी सरसावून बसले. त्यांच्या खाली मग उतरंड. साऱ्या पुजाऱ्यांवर आणि त्यांच्या शाळेवर देखरेख ठेवणारा एक, त्याला दोन मदतनीस, मग अग्नीचे पुजारी, मग साधे, आणि तळाशी पोरसवदा उमेदवार. शिवाय एकेका कामाचा एकेक मुखत्यार. कोणी कागद बघायचा, कोणी रबर आणि कोपाल, कोणी लाकूडफाटा, कोणी गाणी शिकवायची, कोणी पुल्के नावाच्या दारूचा कारभार बघायचा. वाचताना मला तर आमच्या तालुक्याची कचेरीच आठवली. फरक इतकाच की इथला बाबू कानाला मागे नावाच्या घायपातीचे काटे टोचून रक्त काढायचा आणि केस कधी कापायचा नाही. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसच्या फौजेतल्या बेर्नाल दियासने हे पुजारी प्रत्यक्ष पाहिले होते. रक्ताने चिकटून जटा झालेले केस, चिरफाळ्या उडालेले कान आणि अंगाला येणारी दुर्गंधी, हे त्याला म्हातारपणी लिहितानाही विसरता आलं नाही.

आणि या सर्वोच्च दोन जागांसाठी घराणं बघत नसत, असं साआगुन लिहितो. साआगुन म्हणजे तो फ्रान्सिस्कन पाद्री, ज्याने नव्याने जिंकलेल्या मेक्सिकोत म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवून त्यांच्या भाषेत त्यांचंच जग उतरवून घेतलं. गरिबाघरचा मुलगाही चालायचा, मन स्वच्छ हवं, वागणं निर्मळ हवं. हे वाचून माझ्यातल्या कोकणी माणसाचे कान टवकारले. आमच्याकडे देवळातल्या पाळ्या ठरलेल्या, मानपान ठरलेले, नारळाचा कितवा वाटा कोणाचा तेही ठरलेलं. भांडण झालंच तर ते कोर्टात जातं आणि तिथे तीन पिढ्या सुखाने नांदतं. पण जिथे वाटेच नाहीत, आणि वर चढायचं ते मन बघून, तिथे भांडण कुठे जात असेल? मन बघायचं कोणी? आणि कशावरून?

कणकेच्या गोळ्यावरून.

एत्साल्क्वालिस्त्ली नावाचा त्यांचा सण होता. (हे 'त्ल' घोट गिळता गिळता बोलल्यासारखं असतं. मी दोन दिवस प्रयत्न करून सोडून दिलं.) आपल्या मृगाच्या आगेमागे, पावसाच्या तोंडावर येणारा, त्लालोकचा. त्याआधी पुजारी चार दिवस उपास धरायचे. पहिल्यांदा सित्लालतेपेकच्या तळ्यावर जाऊन लव्हाळी कापून आणायची, त्यांच्या चटया विणायच्या. त्या वाटेवर जो कोणी आडवा येईल त्याला लुटायची त्यांना मुभा होती. अंगावरचं वस्त्रसुद्धा काढून घेत. राजाच्या खंडणीची ओझी असली तरी तीही घेत, आणि राजा ब्र काढत नसे. लोक त्या दिवसांत ती वाट सोडून देत. म्हणजे बाहेरच्या जगापुढे या माणसांची ही सत्ता. आणि आत? आत प्रत्येकाने देवापुढे चटईवर चार गोळे मांडायचे. हळूच, श्वास धरून. गोळा जागचा हलता कामा नये. घरंगळला, की चूक. पांघरुणाला सुताचा तुकडा चिकटलेला दिसला, पीस दिसलं, केस दिसला, तरी चूक. चालताना ठेच लागली, तरीही. आणि हे सगळं बघायला वेगळा पर्यवेक्षक नव्हता. शेजारी बसलेलाच बघायचा. चार दिवस उपाशी, झोप नाही, पहाटेच्या काळोखात तळ्याच्या गार पाण्यात उतरून दात वाजवत बदकांचे, बगळ्यांचे आवाज काढायचे, आणि या सगळ्यात डोळा मात्र दुसऱ्याच्या चटईवर.

पाचव्या दिवशी नावं लागलेल्यांना धरून तळ्यावर नेत. कोणाला केसांना धरून, कोणाला लंगोटाला. पाण्यात ढकलायचं, बुडवायचं, बाहेर येऊ बघेल त्याला पुन्हा आत लोटायचं, मारायचं. अर्धमेला झाला की काठावर टाकून द्यायचा. मग घरचे येत आणि पोटातलं पाणी निघावं म्हणून पोराला उलटा टांगत. ज्यांना आपल्या पोराचा हा छळ बघवत नसे, ते बुडवणाऱ्यांना कोंबड्या देत, वस्त्रं देत, म्हणजे मग हात आवरता घेतला जाई. हे वाक्य साआगुन अगदी सहज लिहून जातो, आणि मला तर सगळा ग्रंथ तिथे एकदम ओळखीचा वाटायला लागला. मन स्वच्छ आहे की नाही ते गोळा ठरवणार, गोळा हलला की नाही ते शेजारी ठरवणार, आणि शेजाऱ्याने किती जोरात दाबायचं ते कोंबडी ठरवणार.

मोठी कारस्थानं नव्हती असं नाही. तिसोक नावाचा राजा पाच वर्षांत मेला, 1486 मध्ये, आणि त्याच्यावर विषप्रयोग झाला असं काही बखरी म्हणतात. त्लाकाएलेल नावाचा एक कारभारी दुरान या पाद्र्याच्या इतिहासात पानोपानी दिसतो. राजे येतात-जातात, देव मोठे होतात, आणि पडद्यामागे हाच. तोर्केमादा या दुसऱ्या पाद्र्याला विचाराल तर असा माणूस झालाच नाही. बखर कोणत्या घराण्याच्या वाड्यात लिहिली गेली, यावर नायक ठरतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण खरं सांगायचं तर विष आणि पडदे वाचून मी पान उलटलं. गोळ्यावरून मात्र मन हलेना. एक माणूस आपला कान चिरून घ्यायला कचरत नाही आणि चटईवरचा पिठाचा गोळा हलेल म्हणून त्याचा श्वास अडकतो. आणि शेजाऱ्याला बोट लावायचीही गरज नसेल. गुडघा जरा सरकवला, चटईला जरासा ताण दिला, की पुरे. हे ग्रंथात नाही. हा माझा संशय, आणि तो मला का आला ते मला माहीत आहे.

आमच्या घरच्या गणपतीला नैवेद्याचे एकवीस मोदक सोवळ्यात व्हायचे. ते करायचा मान धाकट्या काकूचा. मान म्हणजे कोणी दिलेला नव्हे. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने वळून दाखवले आणि पुढे कोणी दुसऱ्याचे मोदक खायलाच तयार होईना. पारी इतकी पातळ की आतलं गुळाचं सारण बाहेरून तांबूस दिसायचं. चिमटीगणिक कळी पडायची, नाक अगदी तरतरीत. मोठी काकू नारळ खवायची. पंधरा वर्षं आधी घरात आलेली, पण नारळ खवायची. मी नऊ वर्षांची होते. त्या सकाळी मोठ्या काकूने मला मागच्या पडवीत बोलावलं, खोबऱ्याचं गरम सारण चमचाभर हातावर घातलं. नैवेद्याआधी! आणि म्हणाली, "तुझे डोळे तेज आहेत. लक्ष ठेव हो जरा." कशावर, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला कळलं होतं.

केळीच्या पानावर मोदक मांडले गेले. आजी एकेक उचलून, फिरवून बघून ठेवायची. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, आणि तिच्यात एका मोदकाच्या कळीतून काहीतरी बारीक चकाकलं. केस होता. मी नुसती बघत राहिले. हाक मारली नाही, बोट दाखवलं नाही. आजीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग मी जिथे बघत होते तिथे पाहिलं. अख्खं पान उचलून गोठ्याकडे गेलं. पुन्हा उकड काढली, ती मोठ्या काकूने. आरतीला दुपारचे तीन वाजले, बापयमाणसं भुकेने चिडली होती. धाकटी काकू माजघराच्या दाराशी उभी होती, तिच्या पातळाच्या काठाला पीठ लागलेलं. पुढच्या वर्षीपासून तिच्यापुढे खोवणी आली. त्यानंतर आजी जाईपर्यंत आम्ही जाड पारीचे मोदक खाल्ले. ते चावताना दर वर्षी माझा जबडा दुखायचा आणि दर वर्षी मी एक जास्तच मागून घ्यायची.

काल्मेकाक म्हणजे पुजाऱ्यांची शाळा. तिचे अवशेष कॅथेड्रलमागच्या स्पॅनिश सांस्कृतिक केंद्राच्या तळघरात जपलेले आहेत. कापलेल्या शंखाच्या आकाराचे, माणसाहून उंच कंगोरे एकेकाळी छपराच्या कडेला उभे होते, ते आता दिव्यांच्या मंद उजेडात ओळीने मांडलेत. वर कॉफीचे कप वाजत असतात. या शाळेत पहाटे झाडलोट, मध्यरात्री उठून प्रार्थना. न उठणाऱ्या पोराला काटे टोचायचे. कोणाच्या आईने घरून खाऊ पाठवला तर तो सगळ्यांनी वाटून खायचा. झोपायचं मात्र ज्याने त्याने वेगळं, एका पांघरुणात दोघे नाहीत. मला वाटलं, बघायला इथेच शिकवत असणार. दुसऱ्याचं पांघरूण बघायला, आणि आपल्याकडे कोण बघतंय ते बघायला. गार होतं तळघर. भाची म्हणाली चल, मी म्हटलं थांब जरा.

ज्या शिळेवर ती कुदळ आदळली होती, ती वस्तुसंग्रहालयात वरच्या मजल्यावरून खाली बघायची अशी मांडली आहे. सव्वातीन मीटरची गोल शिळा, त्यावर हातपाय तुटून विखुरलेली कोयोलशाउकी. गोष्ट अशी, की डोंगरावर झाडलोट करणाऱ्या आईने आभाळातून पडलेला पिसांचा गोळा उचलून छातीशी ठेवला आणि तिला दिवस गेले. लेकीला, म्हणजे या कोयोलशाउकीला, आणि चारशे लेकांना ही अब्रूची गोष्ट वाटली, आईला मारायचं ठरलं. पण त्या चारशेंतला एकजण, त्याचं नाव क्वाउइत्लिकाक, फुटला. तो पोटातल्या देवाला बातम्या पुरवत राहिला. आता ते अमक्या ठिकाणी पोचले, आता तमक्या वळणावर, आता आलेच. पोटातला देव त्याला सांगत होता, नीट बघत राहा. मग देव जन्माला आला तोच शस्त्र घेऊन, आणि बहिणीचे तुकडे डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडले. म्हणून शिळा उइत्सिलोपोच्त्लीच्या जिन्याच्या पायाशी. बहिणीसाठी कोरलेली शिळा आहे, देवासाठी अख्खं देऊळ आहे. नीट बघत राहिलेल्या त्या भावाची मूर्ती मला कुठे दिसली नाही. मी शोधली. दोन मजले हिंडले.

हे सगळं ज्याच्या ग्रंथात आहे त्या साआगुनचं पुढे काय झालं, ते वाचून तर हसावं की रडावं कळेना. वर्षानुवर्षं राबून, त्लातेलोल्कोच्या शाळेत तयार झालेल्या नाउआ, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची भाषा बोलणाऱ्या, मुलांना हाताशी धरून बारा भागांचा ग्रंथ उभा राहत होता. तेवढ्यात त्याच्याच पंथातले लोक म्हणाले, संन्याशाने लेखनिकांवर पैसे उधळणं म्हणजे गरिबीच्या व्रताचा भंग. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचा हात इतका थरथरे की स्वतः लिहिता येत नव्हतं, आणि नेमके लेखनिकच काढून घेतले. 1570 मध्ये वरिष्ठाने त्याची हस्तलिखितं प्रांतभर वेगवेगळ्या मठांत पांगवून टाकली. ती गोळा होईपर्यंत वर्षं गेली, आणि 1577 मध्ये खुद्द राजा दुसऱ्या फेलिपेचं फर्मान सुटलं, की या माणसाचे सगळे कागद जप्त करा. एक प्रत फ्लॉरेन्सला पोचली म्हणून आज आपण बोलतोय. मी पुजाऱ्यांची भांडणं अ‍ॅझ्टेकांच्या गाभाऱ्यात शोधत होते. ती कागदावर उतरवणाऱ्याच्या खोलीतच चालली होती. याच्याही पांघरुणाला कोणीतरी सूत शोधलं होतं.

परतताना मेट्रोच्या नकाशावर भाचीने एक नाव दाखवलं, पान्तित्लान. आता तिथे गाड्या बदलणाऱ्यांची तुंबळ गर्दी असते. तेव्हा तिथे तळ्यात भोवरा होता. एत्साल्क्वालिस्त्लीच्या शेवटच्या रात्री बळी दिलेल्यांची काळजं निळ्या रंगवलेल्या मडक्यात भरून होडीतून तिथवर नेत आणि भोवऱ्यात सोडून देत. आणि शहरात घरोघरी एत्साल्ली शिजलेली असे, मका आणि घेवडा एकत्र उकडून, आपल्या घुगऱ्यांची लांबची बहीण. लोक नाचत दारोदार ती मागत फिरत. काठावर कोणाचं तरी पोर उलटं टांगलेलं, आणि गल्लीत घुगऱ्यांचा वास. एकाच सणाची ही दोन टोकं माझ्याच्याने एकत्र धरवत नाहीत. आमच्या घरी तरी त्या दिवशी वेगळं काय होतं म्हणा. माजघरात काकू उभी होती आणि बाहेर टाळ वाजत होते.

रात्री आठला धाकट्या काकूला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात, ती देवपूजा आटपून चहाला बसली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, बेडकांना मिळाला एकदाचा. मी तिला म्हातारीचं सांगितलं, मग गोळ्यांचं, मग काय झालं कोण जाणे, मोदकाचंही सांगून टाकलं. सारणाचा चमचा, "लक्ष ठेव", सगळं. छेचाळीस वर्षांनी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे कावळा ओरडताना ऐकू येत होता.

मग म्हणाली, "अगं, काळा केस असता तर पांढऱ्या उकडीत मला दिसला नसता होय?"

मला क्षणभर कळलंच नाही. काकू तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मोठी काकू चाळिशीची, तिचेही केस काळेभोर. त्या घरात पांढरे केस एकाच बाईचे होते, आणि एकेक मोदक उचलून, फिरवून तीच बघत होती. उन्हात चकाकला म्हणून तर मला दिसला होता.

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? त्यांनाच?" ती हसली. "त्यांनी पाहिला ना. माझ्याआधी पाहिला." मग चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "बरं, त्या बाईचे दाणे? घेतले तिने परत?"

मी म्हटलं, घेतले. मूठ मिटून घेऊन गेली.

"मग उद्या आणेल परत," काकू म्हणाली. "तू नको हां जाऊस उद्या तिथे."